दर माणशी सव्वा मूठ

नाही नाही नाही, मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू — ओली आहे. पाणी नाही हो, खळ आहे खळ, मैद्याची, सकाळीच शिजवली आणि आमच्या कार्टीनं पातेलं नेमकं तिथंच ठेवलं. तुम्ही इकडं या, पंख्याखाली. मी देवचंद, हितेंद्रचे वडील — म्हणजे तुम्ही ओळखताच, याआधी तीनदा येऊन गेलात, पण तेव्हा मला बोलूच दिलं नाही कुणी. आजही परवानगी नाही बरं का! सूनबाईनं, सारिकानं, जाताना बजावून सांगितलंय — 'आबा, संस्थेच्या मॅडम चारला येणार, आम्ही त्याच्या आत बाजारातून येतो, आणि चुकून त्या आधी आल्याच तर तुम्ही तीनच वाक्यं बोलायची. या. बसा. चहा घेता का?' झाली माझी तीन वाक्यं. चहा घेता का? नको? मग तिसरं वाक्य फुकट गेलं, त्याच्या बदल्यात एक जास्तीचं बोलतो.

उद्या आमची कानबाई देवी बसते ना — तुम्ही पुण्याकडच्या, तुमच्याकडं नसते — नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर बसते, म्हणून ते दोघं केळीचे खांब आणि नारळ आणायला गेलेत. आणि आमच्या चिमुकल्या दिपमालाबाई आत स्वयंपाकघरात गहू निवडताहेत. हाक मारू? नको म्हणता? बरोबर, आधी मोठ्यांशी बोलायचं असतं तुम्हाला, असा नियमच असेल. मग विचारा. ही चौथी भेट, शेवटची, हे माहिताय मला. पोर दत्तक घेऊन दोन वर्षं पुरी होतायत. यानंतर तुमचा कागद वर जाणार, 'मुलगी घरात रुळली' असा शेरा पडणार — पडणार ना? — आणि मग कुणी विचारायला येणार नाही. हां. मग लिहून घ्या. मुलगी रुळली. माझी सही कुठं करू?

हसू नका, मी फॅक्टरीतला माणूस आहे. वरणगावला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, तेहतीस वर्षं — आधी फिटर, मग तपासणी विभागात. माझ्या हातून एकही वाकडा तुकडा बाहेर गेला नाही कधी, हे पण लिहून घ्या. आणि तिथंच तुमची चूक झाली, मॅडम. तुम्ही गेल्या वर्षी येताना तो छापील कागद आणला होता, आठवतोय? 'मुलासोबत करावयाचे दहा घरगुती उपक्रम.' तुम्ही दिला सारिकाला. सारिकानं ठेवला फ्रिजवर. हितेंद्रनं त्यावर दुधाची पिशवी ठेवली. आता मला सांगा, तेहतीस वर्षं ज्याच्या हातात रोज सकाळी एक कागद पडायचा आणि त्या कागदावर लिहिलेला माल संध्याकाळपर्यंत तयार करून द्यायचा, त्या माणसाच्या नजरेस असा कागद पडल्यावर तो काय करील? ऑर्डर समजेल! मी समजलो. दुधाचा डाग पुसला, कागद पुठ्ठ्यावर चिकटवला, समोर रकाने आखले — माल, माप, मुदत, तपासणारा. एक नंबर, वर्तमानपत्राच्या टोप्या. दोन नंबर, काड्यापेट्यांची आगगाडी. तीन, फुटक्या बांगड्यांचं तोरण... पुढं माझ्या लक्षातच आलं नाही की त्या कागदावर वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'यातील जमतील ते करावेत.' जमतील ते! अहो, असं कुठं लिहितात का ऑर्डरीवर?

तर आम्ही बसलो कामाला. रोज शाळेतून आली की दप्तर टाकायचं, दूध प्यायचं आणि साडेपाचला कामावर हजर. मी तिला म्हटलं, टोपीची घडी पंचेचाळीस अंशात पाहिजे. ती सात वर्षांची, तिला अंश कशाशी खातात ते माहीत नाही. तिनं घातली घडी, झाली वाकडी — मी पेन्सिलनं लिहिलं, 'रिजेक्ट.' दुसरी केली, रिजेक्ट. तिसरी केली, रिजेक्ट. सारिका दारात उभी राहून माझ्याकडं असं बघत होती की मला वाटलं, आज संध्याकाळची भाकरी बंद. पण ही पोरगी — रडली नाही हो! तिनं माझी टोपी उचलली, माझी, अगदी कोनमापकानं मापून केलेली, डोक्यावर घातली, ती सरकून नाकावर आली. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या टोपीवर लिहिलं — 'रिजेट.' शब्द चुकला, पण निर्णय बरोबर होता! डोकं मापलंच नव्हतं मी. तेहतीस वर्षांत मला कुणी रिजेक्ट केलं नव्हतं, मॅडम. हिनं पहिल्याच दिवशी केलं.

मग काय, झाली की आमची फॅक्टरी सुरू. काड्यापेट्यांची आगगाडी केली, बावीस डबे. गल्लीतल्या प्रत्येक घरातून काड्यापेट्या आणल्या आम्ही, त्यातल्या तीन भरलेल्या निघाल्या, शेजारच्या बेबाबाई चार दिवस चूल पेटवायला काडी शोधत होत्या. बांगड्यांचं तोरण ते काय, दारावर बघा, येताना तुमच्या केसात अडकलं असेल. मोज्यांच्या बाहुल्या केल्या. घरातल्या प्रत्येक माणसाची एक. माझी बाहुली माझ्याच मोज्याची, तिला टक्कल आहे आणि नाक केवढं — मी म्हटलं, एवढं नाक नाही माझं, तर म्हणते, 'मापून बघा.' मापलं. होतं हो! तुमच्या यादीत होतं, 'जुन्या कपड्यांतून एखादी वस्तू.' आमची ही गेली त्याला चार वर्षं झाली, द्रौपदाबाई, तिची लुगडी मी कुणाला हात लावू देत नव्हतो. त्यातलं एक गोधडी शिवायला काढून दिलं. आता हितेंद्रच्या आईचं लुगडं पांघरून ही भवानी झोपते, वाकडे टाके सगळे, एक टाका इंचाचा आणि एक अर्ध्या बोटाचा, आणि मी एकही उसवला नाही. हे अवश्य लिहा. देवचंद फिटरनं वाकडा टाका तसाच राहू दिला.

एक गोष्ट सांगतो, ही मात्र लिहू नका. माझं एक व्हर्नियर आहे — मापाचं हत्यार, केसाची जाडी मोजतं. निवृत्त झालो तेव्हा सोबतच्या लोकांनी दिलं, मखमलीच्या पेटीत. हितेंद्रला लहानपणी माझ्या हत्यारांकडं बघायचीही टाप नव्हती. या संक्रांतीच्या सुमारास मी दुपारी झोपून उठलो आणि बघतो तर काय, ही बया ते व्हर्नियर घेऊन खळीच्या पातेल्यात ढवळतेय! ढवळतेय, मॅडम! मी ओरडलो — काय बोललो ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही, फॅक्टरीची भाषा — आणि ओरडता ओरडता मला असा आनंद झाला, असा आनंद झाला की मी खाली बसलो आणि हसायला लागलो. तिला वाटलं, म्हातारा गेला कामातून. का म्हणजे? अहो, तिनं विचारलं नाही ना! न विचारता घेतलं! जानेवारीपर्यंत ही पोरगी पाणी प्यायला उठली तरी विचारायची, 'घेऊ का?' पोळी — 'घेऊ का?' स्वतःची पेन्सिल स्वतःच्या दप्तरातून काढायची तरी, 'घेऊ का?'

हं? नाही, आधी नव्हती विचारत. आली तेव्हा विचारायची, पहिले दोन-तीन महिने, सगळी नवीन पोरं विचारतात असं तुम्हीच सांगितलं होतं. मग थांबली. चांगली खाऊन-पिऊन, हक्कानं आदळआपट करत होती घरात. नंतर परत सुरू केलं. कधीपासून? ते... गेल्या श्रावणापासून. थांबा, चहा टाकतो मी. नको काय, मलाच हवाय. बरं, राहू द्या. बसा. आता तोंडातून निघालंच आहे तर.

आमच्यात कानबाईला रोट असतो. म्हणजे गव्हाचा प्रसाद समजा. घरातल्या दर माणशी सव्वा मूठ निवडलेले गहू मोजून सुपात टाकायचे, मोजणारा घरातला मोठा — आमच्याकडं मी — त्याच्याच मुठीनं, मग ते दळायचे आणि त्याच पिठाचा रोट. आणि तो खायचा फक्त कुळातल्यांनी. पाहुणा कितीही जवळचा असो, त्याला कण मिळत नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. ही आमच्या घराची रीत, माझ्या आज्यापासूनची. तर गेल्या वर्षी, दिपू येऊन अकरा महिने झाले होते, मी सूप पुढं घेऊन बसलो. बाजूला माझे मोठे भाऊ, रुपचंदनाना, एरंडोलहून आलेले. मी मोजायला लागलो — माझी, हितेंद्रची, सारिकाची, नानाची, भिकुबाई वहिनीची. आणि हात परत पोत्यात घातला. तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, 'देवचंद, पोर गोड शे. पन रोट कुळना शे. बठ्ठा भाऊबंद काय म्हनतीन?' म्हणजे रोट कुळाचा, सगळे भाऊबंद काय म्हणतील.

आणि मी हात रिकामा बाहेर काढला. नानांना मी आजवर उलटून बोललेलो नाही — बाप गेला तेव्हा मी नववीत, मला आयटीआयला घातलं ते नानांनी, अर्ज भरायला सायकलवर पुढं बसवून नेलं होतं — पण हे सांगून काय उपयोग. दुसऱ्या दिवशी पानं मांडली. आम्ही सगळे रोटाला बसलो आणि दिपूसमोर मी आइस्क्रीमचा मोठा डबा ठेवला. म्हटलं, 'तुला स्पेशल!' मोठा शहाणपणा केला. पिस्त्याचं आणलं होतं, तिच्या आवडीचं. तिनं डब्याकडं बघितलं, आमच्या पानांकडं बघितलं. सारिकाचा घास हातातच राहिला. आणि ही सरळ मला विचारते, बाकी कुणाला नाही, मला — 'आबा, मी पाहुणी आहे का?'

मी काय म्हणालो? मी म्हणालो, 'खा बाळा, वितळेल.'

वितळलं. तिनं चमचा लावला नाही. सारिका पानावरून उठली, तेव्हापासून महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि मी म्हणतो तिनं बरोबर केलं. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते 'घेऊ का.' आणि महिन्याभरानं तुम्ही आलात दुसऱ्या भेटीला, तुम्ही विचारलंत, मुलगी गप्प का आहे, आणि सारिका म्हणाली, सर्दी झालीय. सर्दी नव्हती, मॅडम. सर्दी मी होतो. तुम्हाला संशय आला असेल, म्हणूनच तुम्ही जाताना तो कागद दिलात ना? बोलू नका, तुमच्या तोंडावर दिसतंय. मला त्या दिवशी इतकी लाज वाटत होती की मी गच्चीवर जाऊन बसलो होतो तुम्ही जाईपर्यंत. ऑर्डर समजलो म्हणालो ते अर्धं खरं. अर्धं हे, की त्या पोरीच्या समोर बसायला मला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. नुसतं कसं बसणार? काय बोलणार? टोपीची घडी तरी बोलता येते.

आता तुम्ही हे लिहिणार. लिहा. फक्त एवढंच लिहा की चूक म्हाताऱ्याची होती, हितेंद्र-सारिकाची नव्हती. त्यांना काही बोलू नका. आणि तिला — तिला नेणार तर नाही ना हो यावरून? तशी काही कलमं असतात का? नाही? नक्की? शपथ घ्या. बरं बरं, राहिलं, नियमात बसत नसेल शपथ. पण मला दोन रात्री झोप नाही या विचारानं. सारिकाला वाटतंय मी गॅसच्या त्रासानं फिरतोय घरभर.

आणि आज परत तेच सूप. गहू आणून ठेवलेत, मोजणं बाकी आहे. सकाळी नानांचा फोन येऊन गेला, 'उद्या सकाळी येतोय, सगळं रीतीप्रमाणं आहे ना?' मी म्हटलं, हो हो, सगळं... आणि रेंज गेल्यासारखं केलं. हो, केलं! सत्तरीचा माणूस मी, 'हॅलो, हॅलो' करत फोन ठेवला. कारण मुठी पाच टाकल्या तर आत बसलेली ती पोरगी — ती आता आठ वर्षांची आहे, तिला मोजता येतं — आणि सहा टाकल्या तर नाना पानावर बसायचे नाहीत. आमच्यात एकदा माणूस रोटावरून उठला की पुढं लग्नाकार्यालाही येत नाही. माझे एवढे एकच भाऊ राहिलेत, मॅडम. दोघांचं वय झालंय. आणि तुमची यादी! तुमच्या यादीत दहावा काय आहे माहिताय? 'घरातील एखाद्या सणाच्या तयारीत मुलाला वाटा द्या.' नऊ माल पास होऊन गेले, दहावा वर्षभर रकान्यात लटकतोय. मी मुद्दाम मागं ठेवत आलो त्याला. एवढं काय ते —

थांबा, वाजतोय. नानाच आहेत. काय करू? उचलू? उचलतो.

हां नाना, पाय पडस. हां, घरमाच शे. नही, आजून मोजा नही, आते बसस... हां... सहा. सहा मुठी, नाना. हां, तिनी बी पडी... ऐकी ऱ्हायनू, नाना, बठ्ठं ऐकी ऱ्हायनू. भाऊबंद काय म्हनतीन ते म्हनू द्या. गेल्या वरीसले मी तिना तोंडसमोर खोटं बोलनू, ते मना घशातून आजून उतरत नही... नही, भांडत नही. तुमनी बी मूठ पडी, वहिनीनी बी पडी. तुम्ही वनात ते मी बस स्टँडवर घेवाले येस. नही वनात ते... तुमना वाटाना रोट मी खासू, पन मूठ पडी. नाना? नाना...

ठेवला. त्यांनी ठेवला, रेंजबिंज काही नाही, चांगला ठेवला. आमची अहिराणी कळली नसेल तुम्हाला — म्हटलं, पोरीची मूठ पडणार, आणि तुम्ही आलात, नाही आलात, तुमचीही पडणार. आता मोजायला बसायचं आहे. येतील का? काय सांगू. येतील... नाही येणार. वहिनी रडतील तिकडं. मला वाईट वाटतंय, मॅडम, फार वाईट वाटतंय, पण मोकळंही वाटतंय बघा, वर्षानं. आता चहा घेईन मी एक.

आलो गं! ऐकलं, ऐकलं, झाले निवडून! ओरडू नको, कानबाई उद्या येणार आहे, आजच पळून जाईल ती. काय? नाही, माझ्याच मुठीनं. तुझी मूठ केवढीशी, तुझ्या मापानं मोजलं तर उद्या सगळे उपाशी राहतील. सूप पुढं घे आणि मांडी घालून बस सरळ.

तुम्ही कुठं निघालात? आत? फोटो? अहवालाला फोटो लागतो, ते ठीक आहे हो, 'मुलगी कुटुंबासमवेत सणाच्या तयारीत,' मला कळतं — पण नाही. नाही मॅडम, उंबऱ्याच्या अलीकडंच. रागावू नका. तुम्ही आमच्यावर उपकार केलेत, हे पोर तुम्ही आमच्या ओटीत घातलंत, तुम्ही वर्षभर या, दोन्ही वेळ जेवा, माझ्या टकलाची बाहुली करून ठेवा. पण आता रोटाची मूठ मोजायची आहे आणि त्या वेळी आत फक्त घरचीच माणसं लागतात. बाहेरचं माणूस चालत नाही. निघा तुम्ही, आणि जाताना दार ओढून घ्या.